छातीवरच्या मगरीचा हिशेब

वयात येणाऱ्या मुलांच्या ब्रँडच्या हट्टाचा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन फळ्या पडतात. एका फळीचं म्हणणं, ही पिढी दिखाऊ झाली आहे, आईबाप नको तितके लाड पुरवतात, पैशाची किंमत कुणाला राहिलेली नाही. दुसरी फळी म्हणते, त्या वयात कपडे हीच अभिव्यक्ती असते, कशाला त्यांच्या मागे लागता? आणि या दोघांच्या मधे एक तिसरा आवाज असतो, चाळिशी-पन्नाशीतला, खुसखुशीत. तो स्वतःच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांकडे वळून बघतो आणि हसतो. काय खुळे होतो आम्ही! एका जीन्ससाठी घरात अबोला धरला होता, बुटांच्या एका जोडासाठी सुट्टीभर काम केलं होतं! हा आवाज सगळ्यांना आवडतो. त्यात कुणावर आरोप नसतो, शिवाय ‘वय वाढलं की उतरतं हे भूत’ असा दिलासाही मिळतो. मला मात्र तिघांपैकी हाच जास्त खटकतो. पहिले दोघे निदान वाद तरी घालतात. हा तिसरा प्रश्नच हसण्यावारी नेतो.

माझं म्हणणं असं की ते खूळ नव्हतंच. तेराव्या-चौदाव्या वर्षी आपण जो हिशेब मांडला, तो आपल्या वर्गातल्या आणि आपल्या मित्रमंडळातल्या परिस्थितीत बराचसा बरोबर होता. अंगावर ती खूण असली की चौघांत जागा मिळायची, नसली की कडेला उभं राहावं लागायचं. खोट होती ती त्या खुणेच्या किमतीत. ती किंमत मुलांनी ठरवलेली नव्हती. ती मोठ्यांनी ठरवली होती आणि आजही मोठेच ठरवतात. सगळी चर्चा मुलांच्या स्वभावाभोवती घुटमळते, किमतीपाशी यायला कुणी तयार नसतं, म्हणून तर दर वेळी तेच मुद्दे नव्याने उगाळले जातात.

आधी त्या तथाकथित खुळातली बारकाई आठवून पाहा. शर्ट मुद्दाम आत खोचायचा, कारण जीन्सच्या कमरेवरचा चामड्याचा चौकोन दिसला पाहिजे. पँट सैल होत असली तरी पट्टा लावायचा नाही, कारण पट्टा नेमका त्या चौकोनावरून जातो. बुटाच्या जिभेवरचं नाव वाचता यावं म्हणून पँटची मोहरी आत दुमडायची. टी-शर्ट धुतला की उलटा करून सावलीत वाळत घालायचा, नाहीतर छातीवरचं छापील चिन्ह उन्हाने तडकतं. आणि नकली माल ओळखण्याचं तर एक स्वतंत्र शास्त्र होतं. भरतकामाची मागची बाजू उलटून बघायची, तिथे दोरे लोंबत असतील तर विषय संपला. नावाच्या अक्षरांमधलं अंतर, गळ्यामागच्या लेबलची शिवण, झिपेच्या खेचणीवर कोरलेलं नाव. सनावळ्या ज्याच्या डोक्यात कधी टिकल्या नाहीत, असा आमच्यातला एक जण दहा पावलांवरून सांगायचा की समोरून येणाऱ्याच्या पायातले बूट खरे की कॉपी. त्याचा निकाल कधी चुकल्याचं मला आठवत नाही, आणि चुकला असता तरी त्यावर अपील नव्हतं. हे सगळं कुणी शिकवलं नव्हतं. जिथे रोज परीक्षा असते तिथे माणूस अभ्यासक्रम आपणहून पाठ करतो. याला खूळ म्हणायचं, तर मोठेपणी नोकरीच्या मुलाखतीला जाताना केलेल्या तयारीला काय म्हणायचं?

यावर मानसशास्त्राच्या बाजूने एक चांगला आक्षेप येतो. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडलं की किशोरवयीन मुलगा कायम एका काल्पनिक प्रेक्षकवर्गासमोर वावरत असतो. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात कुणी बघत नसतं. पुढे २००० मध्ये थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावला, म्हणजे त्यांच्या वयात जो घालायची लाज वाटावी असा, आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? घालणाऱ्यांचा अंदाज होता, जवळपास निम्म्यांच्या. खरा आकडा निघाला पाव हिश्श्याच्या आसपास. मग मुलांचा हिशेब चुकलाच की नाही?

थोडा चुकला, मान्य. पण पाव म्हणजे शून्य नाही. चाळीस जणांच्या वर्गात दहा जण बघत असतील, आणि ते दहा जण कोण हे आपल्यापैकी प्रत्येकाला आठवतं. मधल्या सुट्टीत कुणी कुणाशेजारी बसायचं हे तेच ठरवत. शिवाय या वयात सोबत्यांच्या नुसत्या हजेरीचा परिणाम खरा असतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात मुलांनी मित्र शेजारी असताना एकट्याने खेळतानापेक्षा जास्त धोके पत्करले. तोच खेळ खेळणाऱ्या प्रौढांमध्ये असा फरक पडला नाही. म्हणजे ‘लोकांकडे कशाला बघतोस, तू तुझा बघ’ हा मोठ्यांचा सल्ला मोठ्यांसाठी ठीक आहे. ज्या वयात माणूस घराबाहेर आपली पहिली जागा मिळवतो, त्या वयात लोकांकडे बघणं हेच तर मुख्य काम असतं.

आणि लाजेचा हा हिशेब काही मुलांची मक्तेदारी नाही. १७७६ मध्ये अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने गरज कशाला म्हणायचं हे सांगताना उदाहरण घेतलं ते शर्टाचं. ग्रीक आणि रोमन लोक लिननवाचून सुखाने जगले, तेव्हा लिननचा शर्ट जगायला काही लागत नाही. पण आजच्या युरोपात, असं तो लिहितो, रोजंदारीवरच्या मजुरालाही लिननच्या शर्टाशिवाय चारचौघांत यायची लाज वाटेल, आणि म्हणून तो शर्ट गरजेचाच. त्या मजुराला कुणी छानछोकी म्हणत नाही. आता कुणी म्हणेल की साधा शर्ट ही सभ्यतेची बाब आणि छातीवरचा लोगो ही मिरवण्याची, दोन्ही एका मापाने कशी मोजता? भेद आहे, पण त्या दोन्हींमधली रेषा कोण आखतं? ती त्या त्या समूहातच आखली जाते. तीस मुलांतल्या पंचवीस जणांच्या पायात एक प्रकारचे बूट असले, की सव्विसाव्यासाठी ते मिरवणं उरत नाही. आणि हसणारे आपण? कार्यालयातल्या बैठकीला कुठलं घड्याळ चालतं, लग्नात कुठली साडी चालत नाही, हे आपल्याला चोख ठाऊक असतं. मुलाला साधेपणाचे धडे देणाऱ्या घरातच ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हणही ऐकायला मिळते, आणि त्यात कुणाला विसंगती दिसत नाही.

इतिहासात थोडं मागे गेलं की या वादाचं खरं पोट दिसतं. रोममध्ये इसवी सनपूर्व २१५ मध्ये, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याबरोबरच्या युद्धाच्या काळात, ओपियन कायदा आला. स्त्रियांनी अर्ध्या औंसाहून जास्त सोनं बाळगायचं नाही, रंगीबेरंगी वस्त्रं घालायची नाहीत. युद्ध संपलं, तरी कायदा तसाच. शेवटी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि इसवी सनपूर्व १९५ मध्ये, केटोसारख्या धुरंधर राजकारण्याचा विरोध असताना, तो रद्द झाला. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ राणीने १५७४ मध्ये काढलेलं पोशाखाचं फर्मान तर आपल्या विषयासाठी मासलेवाईक आहे. त्यात तक्रार काय? तर कितीतरी तरुण मंडळी भपक्याच्या मोहाने पैसा उधळून स्वतःची वाट लावून घेताहेत, आणि कपड्यांच्या जोरावर स्वतःला खानदानी म्हणवून घेऊ पाहताहेत. साडेचारशे वर्षांपूर्वीची ही तक्रार आजच्या कुठल्याही पालकसभेत जशीच्या तशी खपेल. पण तिचा दुसरा भाग नीट वाचायला हवा. उधळपट्टीची काळजी पुढे केलेली आहे, खरी बोच आहे ती पायरी ओलांडण्याची. रेशीम कुणी घालायचं, जांभळा रंग कुणाचा, हे दर्जानुसार ठरलेलं होतं आणि खालचे लोक वरच्यांसारखे दिसू लागले होते.

जपानमध्ये एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, हाच खेळ वेगळ्या ढंगाने रंगला. व्यापाऱ्यांकडे पैसा होता, पण दर्जा नव्हता. शोगुनांची, म्हणजे लष्करी सत्ताधाऱ्यांची, राजवट पुन्हा पुन्हा फर्मानं काढून त्यांच्या भारी वस्त्रांना आळा घालायची. मग त्यांनी वरून साधा, फिक्या रंगाचा किमोनो आणि आत उंची रेशमाचं अस्तर अशी तोड काढली, आणि होता होता तेच रसिकतेचं लक्षण ठरलं. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे केलेलं भाषण आहे. ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून आपली जात दुरून ओळखू येते, त्या खुणा टाकून द्या, वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या बायका जशा नेसतात तशा नेसा, असं त्यांनी सांगितलं. अस्पृश्यतेसारख्या गोष्टीची आणि वर्गातल्या बुटांची तुलना करायचा माझा इरादा नाही, ती क्रूर होईल. मुद्दा इतकाच की अंगावरच्या कपड्याने माणसाची जागा ठरते हे ज्यांनी ओळखलं, त्यांना कुणी उथळ म्हणणार नाही. आणि त्या सल्ल्यात एक गोष्ट होती जी आजच्या मुलांच्या वाट्याला येत नाही: नेसण्याची तऱ्हा बदलायला पैसे पडत नाहीत.

माझ्या मते सगळं इथेच येऊन थांबतं. इंग्लंडमधले पोशाखाचे कायदे १६०४ मध्ये रद्द झाले. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या सरकारने ऑक्टोबर १७९३ मध्ये जाहीर केलं की कुणीही कुणाला अमुकच पोशाख घाल म्हणून भाग पाडू शकत नाही. कायद्याची राखण उठली. पण वरच्यांना खालच्यांपासून वेगळं दिसायची हौस थोडीच गेली? ती राखण किमतीने आपल्याकडे घेतली. आधी शिपाई हटकायचा, आता किमतीची चिठ्ठी हटकते. फरक एवढाच की चिठ्ठीपाशी अडलेल्या माणसाला वाटतं, दोष आपलाच.

किमतीने हे काम करायचं तर खूण दिसली पाहिजे. पॅरिसमध्ये चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या पोशाखकाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या नावाचं लेबल पोशाखात शिवायला सुरुवात केली, पण ते आतल्या बाजूला असायचं, घालणारीला आणि तिच्या दासीला माहीत. १९३३ मध्ये रने लाकोस्त या टेनिसपटूची कंपनी निघाली आणि त्याच्या टोपणनावावरून घेतलेली मगर शर्टाच्या छातीवर आली. १९३६ मध्ये लिव्हाइसने मागच्या खिशाला ती इवलीशी लाल पट्टी लावली, गर्दीत आपली जीन्स लांबून ओळखू यावी म्हणून. १९७२ मध्ये राल्फ लॉरेनच्या शर्टावर पोलो खेळणारा घोडेस्वार आला. पाऊण शतक धरा किंवा शंभर वर्षं, लेबल आतून बाहेर आलं आणि छातीवर चढून बसलं. १९८० मध्ये कॅल्विन क्लाइनच्या जीन्सच्या जाहिरातीत ब्रुक शील्ड्स ही अभिनेत्री झळकली, तेव्हा ती १५ वर्षांची होती. कुणाच्या मनात काय पेरायचं आहे, हे त्या निवडीतूनच स्पष्ट होतं.

दुसऱ्या फळीशी, म्हणजे ‘जगू द्या’वाल्यांशी, माझं जमत नाही ते इथे. ही अभिव्यक्ती आहे म्हणतात. स्वतःच्या हाताने रंगवलेला, फाडलेला, आजोबांच्या कोटातून कापून शिवलेला कपडा ही अभिव्यक्ती आहे, निःसंशय. पण दुसऱ्याच्या मालकीचं, कायद्याने नोंदवलेलं चिन्ह, लाखो लोकांच्या छातीवर एकाच जागी, एकाच मापाचं: त्यात त्या मुलाने काय व्यक्त केलं? ‘मला आत घ्या’ एवढंच. ही मागणी मानवी आहे, तिची टिंगल करू नये, पण तिला कलेचा दर्जा देऊन कंपनीच्या पदरात पुण्यही घालू नये. उलट पहिली फळी म्हणते की ही गरजच कंपन्यांनी बनवलेली आहे. हा या वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि मी तो बहुतांशी मानतो. कुठली खूण चालेल, किती दिवस चालेल, पुढच्या वर्षी कुठली लागेल, हे सगळं बनवलेलं असतं. तरीही आत येण्याची गरज त्यांनी बनवलेली नाही. ती आधीपासून होती, त्यांनी फक्त तिच्या तोंडाशी नाका उभारला.

आणि नाक्याचा दर उतरू नये म्हणून ते काय करतात तेही पाहा. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीने २०१७-१८ च्या आर्थिक वर्षात सुमारे २ कोटी ८६ लाख पौंडांचा न खपलेला माल नष्ट केला. ही गोष्ट तिच्याच वार्षिक अहवालातून बाहेर आली, गदारोळ झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिने हा प्रकार थांबवत असल्याचं जाहीर केलं. असं करणारी ती एकटीच होती अशातला भाग नाही. धडधाकट कपडे नष्ट का करायचे? स्वस्तात विकले तर चार पैसे तरी सुटतील. पण स्वस्तात विकले की ते भलत्यांच्या अंगावर दिसतील, आणि मग आधी पूर्ण पैसे मोजलेल्यांच्या अंगावरची खूण फिकी पडेल. एलिझाबेथच्या फर्मानात आणि या व्यवहारात मला तत्त्वाचा फरक दिसत नाही. खालच्यांनी वरच्यांसारखं दिसू नये, एवढंच दोन्हींचं म्हणणं.

आता ज्या घरात खरोखर पैसे नाहीत त्या घराकडे येऊ. ‘मुलांचा हिशेब बरोबर होता’ हे माझं वाक्य त्या घरात फार महाग पडतं, हे मला कळतं. महिन्याचा मेळ बसवताना आईने स्वतःची चप्पल पुढच्या महिन्यावर ढकललेली असते, आणि समोर मुलगा पाय आपटत उभा असतो. त्याच्या वर्गातल्या समाजशास्त्राची कौतुकं तिने ऐकावीत का? नाही. तिने नाही म्हणावं, तो तिचा हक्क आहे. पण तिने काय म्हणून नाही म्हणावं, यात मोठा फरक पडतो. ‘अंथरूण पाहून पाय पसर’ ही शिकवण त्या मुलाला नवी नसते. अंथरूण केवढं आहे हे त्याला पक्कं माहीत असतं, म्हणून तर तो चिडलेला असतो. ‘कपड्यांवरून पारखणारे ते मित्र कसले’ हे वाक्य तर त्याच्या कानावर आदळून परत येतं, कारण निवडायला दुसरे मित्र त्याच्याकडे नसतात. वर्ग त्याने निवडलेला नसतो. ‘आपल्याला परवडत नाही, आणि तुला ते तिथे जड जाणार हे मला दिसतंय’ असं म्हटलं तर बूट मिळत नाहीत, पण निदान हलका, दिखाऊ असा शिक्का तरी बसत नाही. नकाराबरोबर स्वभावावर ताशेरा हवाच असतो का? आणि हेही दिसतं की अशाच घरांतून पुष्कळदा किराणा कमी करून बूट आणले जातात. बाहेरचे त्याला नाकं मुरडतात. त्या आईवडिलांनी मात्र स्वतः कधी काळी कडेला उभं राहून पाहिलेलं असतं.

मग सगळ्यांना एकच गणवेश द्या, हा उपाय लगेच पुढे येतो. गणवेशाचा मी विरोधक नाही. सकाळी काय घालायचं ही डोकेदुखी तो संपवतो, हे त्याचं मोठं काम. पण त्याच्याकडून अपेक्षा फार केल्या जातात. अमेरिकेत १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहरातल्या शाळांनी सक्तीचा गणवेश आणला आणि त्याचा बराच गवगवा झाला. १९९८ मध्ये ब्रन्समा आणि रॉकेमोर या संशोधकांनी देशव्यापी आकडेवारी तपासली, तेव्हा गणवेशाचा हजेरीवर किंवा वागणुकीवर थेट परिणाम त्यांना आढळला नाही. आणि चढाओढ? ती बुटांवर, दप्तरावर, घड्याळावर, केसांच्या कापावर सरकते. जेवढी मोकळी जागा उरेल तेवढ्यात मावते. सगळ्यात मासलेवाईक गोष्ट इंग्लंडची. तिथे गणवेशाच्याच कपड्यांवर शाळांची चिन्हं आली, ते कपडे ठरावीक दुकानातूनच घ्यावे लागू लागले आणि खर्च इतका वाढला की २०२१ मध्ये गणवेशाच्या खर्चाबद्दल कायदा करावा लागला. त्याखालच्या मार्गदर्शक सूचनांत शाळांना बजावलं गेलं की चिन्ह असलेले कपडे कमीत कमी ठेवा. समतेसाठी काढलेल्या कपड्यावर मोठ्यांनीच लोगो चढवला, तो परवडेना म्हणून पुन्हा कायदा मोठ्यांनीच केला. यात मुलांचा दिखाऊपणा कुठे आला?

आता त्या ‘वय वाढलं की उतरतं’ या दिलाशाकडे. उतरतं हे खरं आहे. लान नुयेन चॅपलिन आणि डेबोरा रोडर जॉन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वस्तूंची ओढ आठ-नऊ वर्षांपासून बारा-तेरा वर्षांपर्यंत चढत जाते आणि सोळा-अठराला उतरते असं दिसलं. पण का उतरते? शहाणपण येतं म्हणून, असं आपण गृहीत धरतो. त्यांना सापडलेलं कारण वेगळं होतं. स्वतःबद्दलचं चांगलं मत ज्या वयात घसरतं त्याच वयात वस्तूंची ओढ वाढते, आणि ते सावरलं की ओढ ओसरते. त्याच संशोधनात त्यांनी एक साधा प्रयोग केला. मुलांना सोबत्यांनी त्यांच्याबद्दल कागदी बशीवर लिहिलेले चार चांगले शब्द वाचायला दिले. ती बशी हातात पडल्यावर, विशेषतः बारा-तेरा वर्षांच्या मुलांमध्ये, वस्तूंची ओढ कमी झाली. एक कागदी बशी! माझ्या वयाच्या लोकांनी आपल्या जुन्या वेडावर हसण्याआधी हे लक्षात घ्यावं. त्या भुतावर आपण मात केली नाही. आपल्याला नोकरी मिळाली, कशात तरी हात बसला, कुणीतरी आपल्यावर प्रेम केलं, आणि उभं राहायला दुसऱ्या जागा मिळाल्या. ज्यांना त्या मिळाल्या नाहीत ते चाळिशीतही लोगोच शोधतात, फक्त तो आता गाडीच्या बॉनेटवर असतो.

म्हणून मुलांशी बोलायचंच असेल तर साधेपणाच्या प्रवचनापेक्षा बोलण्यासारखं पुष्कळ आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून जास्त माणसं गेली. त्यातली बहुतेक परदेशी ब्रँडसाठी कपडे शिवणारी होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसल्यावर इमारतीतली बँक आणि दुकानं बंद झाली. शिवणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. चौदा वर्षांच्या मुलाला ‘तू उथळ आहेस’ म्हणा, तो कान बंद करेल. त्याला ही हकिकत सांगा, जिथे बँक बंद ठेवली गेली तिथे शिवणयंत्रं का चालू राहिली असं विचारा, आणि बघा. अन्यायाची चीड त्या वयात आपल्यापेक्षा जास्त जिवंत असते. ज्या डोळ्यांना भरतकामाची मागची बाजू बघायची सवय आहे, त्यांना ही मागची बाजू दाखवायला फार कष्ट पडत नाहीत. त्यामुळे तो लगेच बूट फेकून देईल असं मी म्हणत नाही. फेकणार नाही, आणि आपण तरी कुठे फेकले?

राहिला किमतीचा आणि पेरणीचा प्रश्न, जो मोठ्यांच्याच हातात आहे. स्वीडनमध्ये १९९१ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करता येत नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९८० पासून १३ वर्षांखालच्यांना लक्ष्य करणाऱ्या व्यापारी जाहिरातींना बंदी आहे. दोन्हींमागचा विचार असा की त्याखालच्या वयात मुलाला जाहिरातीचा हेतू कळत नाही. बरोबर आहे. पण वस्तूंची ओढ शिखरावर असते बारा-तेराला, म्हणजे जिथे कायद्याचं छत्र मिटतं अगदी तिथे. त्या वयात हेतू कळतो, चांगला कळतो. कळून गरज कमी होत नाही. माझ्या मते ही रेषा, निदान कपडे आणि बूट यांच्यापुरती, सोळापर्यंत न्यायला हवी. आणि टीव्हीबरोबरच मोबाइलच्या पडद्यावर पैसे घेऊन कपडे मिरवणाऱ्यांनाही ती लागू व्हायला हवी, कारण आता जाहिरात मित्राच्या आवाजात बोलते. यावर लोक म्हणतील, बंदी घातली तरी पोरं मोठ्यांच्या जाहिराती बघतीलच. बघू देत. मोठ्यांसाठी केलेली जाहिरात एखाद्या मुलाने बघणं कुणाला थांबवता येणार नाही. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी म्हणून जाहिरात आखली जाते, तेव्हा तिचं अंदाजपत्रक असतं, करार असतो आणि त्यावर कुणातरी मोठ्या माणसाची सही असते. त्या सहीला हात घालता येतो.